त्रेपन्नावा, चौऱ्याहत्तरावा आणि दोनशे एकविसावा

मंडळी, या शनिवारचा विषय हॉकी. पण ध्यानचंदांची किंवा आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेची हॉकी नव्हे. ही बर्फावरची हॉकी, म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग (एनएचएल). आपल्याकडे हा खेळ बघणारे लोक बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे नियम माहीत नसले तरी काळजी नको. आज गोल कसे होतात हा विषयच नाही. विषय आहे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची पारख. ती कशी करतात, ती चुकते तेव्हा नक्की काय चुकतं आणि त्याची किंमत कोण मोजतं.

आधी थोडी पूर्वपीठिका. आयपीएलचा लिलाव आपल्याला पाठ आहे. बोली लागते आणि जो जास्त पैसे देईल त्याचा खेळाडू. एनएचएलच्या 'ड्राफ्ट'मध्ये बोली नसते, तिथे नंबर लागतो. गेल्या मोसमात जी टीम तळाला होती, तिला साधारणपणे आधी निवडायला मिळतं (मुद्दाम हरून पहिला नंबर पटकावू नये म्हणून १९९५ पासून यात लॉटरी आणली, पण तत्त्व तेच). एक फेरी संपली की दुसरी, मग तिसरी. तुम्ही ज्या मुलाचं नाव घेतलं त्याच्याशी करार करायचा हक्क ठरावीक काळ फक्त तुमचा. मुलाला मात्र टीम निवडता येत नाही. थोडक्यात, कॉलेजातली प्लेसमेंट, पण कंपनी निवडायची सोय नसलेली :-)

हे सगळं सुरू झालं १९६३ साली, मॉन्ट्रियलमध्ये. त्याआधी काय होतं? त्याआधी क्लब सरळ पोरांच्या टीमच पाळायचे. कॅनडातल्या गावोगावच्या ज्युनियर टीमना मोठ्या क्लबांचा आश्रय असायचा आणि कोवळ्या वयातच मुलांच्या सह्या घेतल्या जायच्या. ज्याला अनेक जण या खेळातला सर्वश्रेष्ठ डिफेन्समन मानतात, तो बॉबी ऑर १४ वर्षांचा असतानाच बॉस्टनच्या नावे बांधला गेला होता. म्हणजे १९६३ चा पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा देशातली बहुतेक चांगली पोरं आधीच कुणाची ना कुणाची होती. सहा टीमनी मिळून फक्त २१ नावं घेतली. पुढे ही आश्रयाची पद्धत मोडीत निघाली आणि १९६९ पासून ड्राफ्टला खरा अर्थ आला. १९८० मध्ये अठरा वर्षांची मुलंही त्यात आली.

आणि आपली खरी गोष्ट त्याच १९८० च्या जूनमध्ये सुरू होते.

ठिकाण पुन्हा मॉन्ट्रियल. तोवर ड्राफ्ट हॉटेलांत किंवा लीगच्या कचेरीत बंद दाराआड व्हायचा. यंदा पहिल्यांदाच तो मोठ्या स्टेडियममध्ये, मॉन्ट्रियल फोरममध्ये, लोकांसमोर झाला. आणि योगायोग बघा, पहिला नंबर होता खुद्द मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचाच. ही टीम तळाला वगैरे नव्हती. १९७६ ते १९७९ अशी लागोपाठ चार वर्षं तिने स्टॅन्ली कप जिंकला होता. पण कोलोराडोच्या दुबळ्या टीमशी १९७६ मध्येच केलेल्या एका सौद्यातून हा नंबर तिच्या पदरात पडला होता.

समोर दोन नावं होती. एक डग विकेनहायझर. उंचापुरा सेंटर, पश्चिम कॅनडातल्या रेजायना शहरातल्या ज्युनियर टीमचा. त्या मोसमात त्याचे ८९ गोल आणि गोल-असिस्ट मिळून १७० पॉइंट. दुसरा डेनी साव्हार. अंगाने लहान, पण बर्फावर भिंगरी. तो फ्रेंच बोलणारा, मॉन्ट्रियलच्याच ज्युनियर टीममध्ये खेळलेला, म्हणजे शहराच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. लोकांना अर्थातच घरचा पोरगा हवा होता.

मॉन्ट्रियलने विकेनहायझरला घेतलं. दुसऱ्या नंबरवर विनिपेगने डेव्ह बाबिच हा डिफेन्समन उचलला आणि तिसऱ्यावर शिकागोने साव्हार.

पुढे काय झालं ते आकडेच सांगतात. पहिल्याच मोसमात साव्हारचे ७५ पॉइंट. विकेनहायझरला फक्त ४१ सामने मिळाले आणि त्यात १५ पॉइंट. साव्हारने कारकिर्दीत ४७३ गोल केले आणि २००० साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. विकेनहायझर डिसेंबर १९८३ मध्ये सेंट लुईसला विकला गेला. त्याच्या नावावर ५५६ सामने आणि १११ गोल. आजही एनएचएलच्या इतिहासातल्या 'फसलेल्या पहिल्या नंबरांची' यादी कुणी केली की त्यात त्याचं नाव हमखास असतं.

आता इथे थोडं थांबू. या निवडीत चूक कोणाची?

१९८० साली जी माहिती हातात होती ती बघा. मोठं शरीर, ८९ गोल, शिवाय लीगच्या स्काऊट मंडळींच्या यादीतही तोच पहिला. (स्काऊट म्हणजे गावोगाव फिरून पोरं हेरणारे लोक.) मॉन्ट्रियलच्या जागी दुसरी कुठलीही टीम असती तरी बहुधा हेच नाव घेतलं असतं. म्हणजे निर्णय त्या दिवशी मूर्खपणाचा नव्हता. आणि निवड झाल्यावर काय केलं? चॅम्पियन टीमच्या गर्दीत एका एकोणीस वर्षांच्या पोराला आणून बसवलं, निम्मे सामने बाहेर ठेवलं आणि शहरभर रोज साव्हारशी तुलना. तिकडे शिकागोने साव्हारला पहिल्या दिवसापासून मोकळं सोडलं. दोन झाडं वेगवेगळ्या मातीत लावायची आणि वर्षभरात फळं मोजून 'ते बीच वाईट होतं' म्हणायचं, असा हा प्रकार. शिवाय साव्हार कितीही वेळा लावला तरी विकेनहायझरपेक्षा मोठाच झाला असता, असंही कदाचित असेल. मी ते नाकारत नाही. पण मग चूक अंदाज करणाऱ्यांची होती. बिल मात्र पोराच्या नावावर फाडलं गेलं.

ही एक गोष्ट लक्षात ठेवा. आता नऊ वर्षं पुढे जाऊ.

जून १९८९, अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. एव्हाना एनएचएलमध्ये २१ टीम, बारा फेऱ्या, म्हणजे एकूण २५२ नावं. पहिल्या नंबरवर क्वेबेकने माट्स सुंडिन या स्वीडिश मुलाला घेतलं. युरोपचा खेळाडू पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. पण आपलं लक्ष आहे डेट्रॉइट रेड विंग्जच्या टेबलाकडे.

डेट्रॉइटने १९५५ नंतर कप जिंकलेला नव्हता. सत्तरच्या दशकात तर टीमचं टोपणनावच 'डेड विंग्ज' पडलं होतं. १९८२ मध्ये पिझ्झाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या माइक इलिच यांनी टीम विकत घेतली आणि जिम डेव्हेलानो यांना जनरल मॅनेजर केलं. डेव्हेलानो मुळात स्काऊट. १९८३ मध्ये त्यांना खरं तर डेट्रॉइटच्या परिसरात वाढलेला पॅट लाफाँटेन हवा होता, पण तिसऱ्या नंबरवर न्यूयॉर्क आयलंडर्सनी तो उचलला. मग चौथ्या नंबरवर नाइलाजाने घेतला स्टीव्ह आयझरमन, जो पुढे जवळपास वीस वर्षं टीमचा कॅप्टन राहिला! पारख पारख म्हणतात त्यात असाही हिस्सा असतो.

तर १९८९. डेट्रॉइटने पहिल्या फेरीत अकराव्या नंबरवर माइक सिलिंजर आणि दुसऱ्या फेरीत बत्तिसाव्या नंबरवर बॉब बूगनर घेतला. दोघेही कॅनडाच्या ज्युनियर लीगमधले, सगळ्यांच्या ओळखीचे. मग तिसऱ्या फेरीत, त्रेपन्नाव्या नंबरवर, एक स्वीडिश डिफेन्समन: निकलस लिडस्ट्रॉम. चौथ्या फेरीत, चौऱ्याहत्तरावा: सर्गेई फेडोरोव्ह, मॉस्कोच्या रेड आर्मी क्लबचा. आणि अकराव्या फेरीत, लोक सामान आवरायला लागल्यावर, दोनशे एकविसावा: व्लादिमिर कॉन्स्तांतिनोव्ह, तोही रेड आर्मीचा.

तिघेही अगदी वेगवेगळ्या कारणांनी मागे राहिले होते.

लिडस्ट्रॉम मागे राहिला कारण त्याला फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. व्हॅस्टेरोस नावाच्या क्लबमध्ये वरच्या लीगमधला त्याचा पहिलाच मोसम, आकड्यांत दाखवण्यासारखं काही नाही. तो जोरात धडका मारत नाही, अंगावर धावून जात नाही. तो फक्त योग्य जागी उभा असतो. असा खेळाडू एका सामन्यात नजरेत भरत नाही, दहा सामने बघावे लागतात. डेट्रॉइटचा स्वीडनमधला स्काऊट क्रिस्टर रॉकस्ट्रॉम याने ते बघितले होते.

फेडोरोव्हचं उलट. त्याला सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या वर्षीच्या सुरुवातीला अमेरिकेतच, अलास्कात झालेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकलं होतं आणि फेडोरोव्ह, अलेक्झांडर मोगिल्नी आणि पावेल बुरे या तिघांची फळी बघून लोक थक्क झाले होते. मग असा मुलगा ७३ जणांच्या मागे कसा? कारण हॉकी नाही, सरहद्द! सोव्हिएत खेळाडू येणार कसा? रेड आर्मी म्हणजे शब्दशः सैन्य, खेळाडू सैन्यात नोकरीला. ड्राफ्टच्या जेमतेम महिनाभर आधी, मे १९८९ मध्ये, मोगिल्नी स्टॉकहोममधून पळून अमेरिकेत आला होता. बर्लिनची भिंत पडायला अजून पाच महिने होते.

इथे डेट्रॉइटचं गणित मला फार आवडतं, कारण ते आम्हा इंजिनियर लोकांना लगेच पटेल असं आहे. चौथ्या फेरीतून घेतलेल्या साध्या खेळाडूचं पुढे काही होण्याची शक्यता तशीही थोडीच. मग ती चिठ्ठी सुरक्षित पण सामान्य मुलावर खर्च करायची, की आला तर अख्खी टीम बदलेल अशा मुलावर? दोन्हीकडे बहुतेक वेळा हाती शून्यच येणार. पण एका बाजूचं बक्षीस शंभरपट मोठं. बाकीच्या टीम 'हा येईल का' या प्रश्नावर अडकल्या. डेट्रॉइटने 'नाही आला तर आपलं जाईल काय' हा प्रश्न विचारला.

तो आला. जुलै १९९० मध्ये गुडविल गेम्ससाठी सोव्हिएत संघ अमेरिकेत असताना फेडोरोव्ह पोर्टलंड शहरातल्या हॉटेलातून निघाला आणि इलिच यांच्या विमानाने डेट्रॉइटला पोहोचला. १९९४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. युरोपात घडलेल्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. कॉन्स्तांतिनोव्ह तर निवडीच्या वेळीच बावीस वर्षांचा, सैन्यात अधिकारी, म्हणजे सुटका आणखी अवघड. तो वैद्यकीय कारण दाखवून सुटला आणि १९९१ मध्ये डेट्रॉइटला आला. लिडस्ट्रॉमही त्याच वर्षी आला.

याच ड्राफ्टमधला आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. फळीतला तिसरा, पावेल बुरे, तेव्हा अठरा वर्षांचा होता. नियम असा होता की या वयाच्या युरोपियन मुलाला पहिल्या तीन फेऱ्यांनंतर घ्यायचं असेल, तर त्याने वरच्या पातळीवर दोन मोसमांत ठरावीक सामने खेळलेले हवेत. बहुतेक टीमच्या कागदावर बुरेचे सामने कमी पडत होते, म्हणून त्यांनी त्याच्यावर फुली मारलेली. व्हँकुव्हरच्या स्काऊटने मात्र खटपट करून जास्तीचे सामने शोधून काढले होते, आणि सहाव्या फेरीत ११३ व्या नंबरवर त्यांनी बुरेचं नाव पुकारलं. सभागृहात आरडाओरडा! लीगने आधी निवड बेकायदा ठरवली, पण पुरावे गोळा होत गेले आणि जून १९९० मध्ये ती वैध ठरली. म्हणजे इथे फरक नजरेचा नव्हता, डेटाचा होता. बाकीच्यांच्या तक्त्यात काही ओळी कमी होत्या, बस.

आता गंमत बघा. लिडस्ट्रॉम डेट्रॉइटकडून १,५६४ सामने खेळला. चार स्टॅन्ली कप, सात वेळा सर्वोत्तम डिफेन्समन. १९८९ च्या डेट्रॉइटच्या यादीतल्या सगळ्यांचे सामने मिळवले तर जवळपास सहा हजार भरतात. सर्वोत्तम ड्राफ्ट कुठला यावर वाद घालणारे बरेच लोक याच यादीवर बोट ठेवतात. आणि इथूनच 'डेट्रॉइटची नजर' ही दंतकथा सुरू झाली. पुढे हाकन अँडरसन या त्यांच्या स्वीडिश स्काऊटच्या सांगण्यावरून १९९८ मध्ये १७१ वा पावेल दात्स्युक आणि १९९९ मध्ये २१० वा हेन्रिक झेटरबर्ग घेतला गेला. दोघेही महान झाले आणि दंतकथा पक्की झाली.

पण मला इथे एक शंका येते, आणि ती सरळ आहे. डेट्रॉइटला लिडस्ट्रॉम इतका मोठा होणार हे ठाऊक होतं, तर त्याच्याआधी सिलिंजर आणि बूगनर का घेतले? दात्स्युक हिरा आहे हे कळलं होतं, तर १७१ व्या नंबरपर्यंत वाट बघायचा जुगार कोण खेळेल? उत्तर एकच. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना 'या पोरात काहीतरी आहे' एवढंच वाटत होतं आणि तेवढं वाटणाऱ्या टीम त्या खोलीत कमी होत्या. आणखी एक आकडा: १९८९ मध्ये डेट्रॉइटने एकूण १४ नावं घेतली. त्यातली निम्मी पोरं एनएचएलमध्ये एकही सामना खेळली नाहीत. इतिहासातल्या नावाजलेल्या यादीची ही अवस्था! म्हणजे डेट्रॉइटला भविष्य दिसत नव्हतं. ते फक्त इतर बघत नव्हते तिथे बघत होते, आणि चुकलो तर चुकलो म्हणायची त्यांची तयारी होती.

ही दुसरी गोष्ट. आता तिसरी, आणि ही जरा जड आहे.

आम्ही आकडेवाले लोक. ड्राफ्टला मार्क द्यायचे तर पटकन एक्सेल उघडणार आणि 'सामने' नावाचा रकाना करणार. बरं. सिलिंजर १,०४९ सामने. (बिचारा बारा टीममधून खेळला, तो एक विक्रमच.) बूगनर ६३०. कॉन्स्तांतिनोव्ह ४४६. म्हणजे तक्त्यानुसार बूगनरची निवड कॉन्स्तांतिनोव्हपेक्षा सरस?

कॉन्स्तांतिनोव्ह कसा खेळायचा ते आधी सांगतो. समोरच्या टीमला त्याची धडकी भरायची. १९९५ च्या ऑक्टोबरपासून डेट्रॉइटने फेडोरोव्ह, कॉन्स्तांतिनोव्ह, लारिओनोव्ह, फेतिसोव्ह आणि कोझलोव्ह असे पाच रशियन एकत्र उतरवायला सुरुवात केली. त्या मोसमात कॉन्स्तांतिनोव्हचा प्लस-मायनस अधिक ६० होता. म्हणजे साधारण बरोबरीच्या संख्येने खेळ चालू असताना, तो बर्फावर असण्याच्या वेळात डेट्रॉइटने खाल्ल्यापेक्षा ६० गोल जास्त केले. जून १९९७ मध्ये डेट्रॉइटने फिलाडेल्फियाला सरळ चार सामन्यांत हरवून ४२ वर्षांनी कप जिंकला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १३ जूनला, खेळाडूंना घेऊन जाणारी भाड्याची लिमोझीन रस्ता सोडून झाडावर आदळली. कॉन्स्तांतिनोव्हच्या मेंदूला गंभीर इजा झाली. तीस वर्षांचा होता. पुन्हा कधीच खेळला नाही. पुढच्या वर्षी डेट्रॉइटने पुन्हा कप जिंकला तेव्हा कॅप्टन आयझरमनने तो व्हीलचेअरवर बसलेल्या कॉन्स्तांतिनोव्हच्या मांडीवर ठेवला.

आता भरा एक्सेलमध्ये. ४४६.

माझं म्हणणं आकडे टाकून द्या असं अजिबात नाही. उलट, आकड्यांनीच या धंद्यातल्या काही मोठ्या खोडी पकडल्या. १९८० च्या दशकात कॅनडातल्या लेथब्रिज गावी मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली एक ज्युनियर सामना बघायला गेले होते. त्यांची पत्नी पॉला हातातली खेळाडूंची यादी चाळत होती आणि तिच्या लक्षात आलं की जिकडेतिकडे जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचेच वाढदिवस! कारण साधं. कॅनडात पोरांचे वयोगट १ जानेवारीला बदलतात. दहाव्या वर्षी जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून दांडगा, म्हणून चांगल्या टीममध्ये, म्हणून चांगला कोच, म्हणून आणखी चांगला. (आपल्याकडे शाळेत जूनच्या हिशोबाने घातलेल्या पोरांबद्दल आया हेच बोलत असतात, फक्त त्यांचे पेपर छापून येत नाहीत.) आता कुणी म्हणेल, अठराव्या वर्षी तरी स्काऊट हे ओळखत असतील. २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८० पासूनच्या ड्राफ्टमधले कॅनडातले खेळाडू त्यात तपासले होते. निवडलेल्यांपैकी जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले ३४ टक्के. पण पुढे खेळल्या गेलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा ४२ टक्के आणि पॉइंटमध्ये ४४ टक्के. म्हणजे व्यावसायिक स्काऊट सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं उशिरा जन्मलेल्या पोरांना त्यांच्या लायकीपेक्षा मागे टाकत राहिले. त्यात दुष्टावा कुणाचाच नव्हता. आज जो मोठा दिसतो तो उद्याही मोठा असेल असं प्रत्येकाला वाटत होतं, एवढंच.

तर ड्राफ्ट कसा तपासावा? मी तीन प्रश्न वेगवेगळे ठेवतो. पहिला, निवडीच्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर निर्णय शहाणपणाचा होता का? विकेनहायझर: हो. फेडोरोव्ह: हो, आणि धाडसाचाही. दुसरा, ती माहिती मिळवायला कष्ट घेतले होते का? लिडस्ट्रॉम आणि बुरे इथे येतात. इथे खरी लायकी दिसते, कारण घराबाहेर पडून बघणं आपल्या हातात असतं. तिसरा, निवडल्यावर त्या पोराचं काय केलं? डेट्रॉइटने लिडस्ट्रॉमला दोन वर्षं स्वीडनमध्येच मुरू दिलं, घाईने आणून बाकावर बसवलं नाही. आणि या तिन्हीच्या बाहेर एक मोठा कप्पा नशिबाचा. झाड, लिमोझीन, पडलेली भिंत.

लोक मात्र चारही कप्पे एकत्र कालवतात आणि पोराच्या कपाळावर एक शिक्का मारतात: 'स्टार' किंवा 'फुसका'. तोही ड्राफ्टच्याच संध्याकाळी. २०१९ मध्ये हाच आयझरमन, आता डेट्रॉइटचा जनरल मॅनेजर, सहाव्या नंबरवर मोरित्झ झायडर या जर्मन मुलाला घेऊन मोकळा झाला. सभागृह चकित. खुद्द झायडरच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य कॅमेऱ्याने टिपलं. बऱ्याच जाणकारांनी 'फार आधी घेतला' असा शेरा मारला. २०२२ मध्ये तोच मुलगा लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. आणि याचा अर्थ 'आयझरमनला सगळं कळतं' असा पुन्हा काढायचा नाही, बरं का! डेट्रॉइटची लागोपाठ २५ मोसम प्लेऑफ गाठायची मालिका २०१७ मध्ये तुटली आणि नंतरची कित्येक वर्षं त्यांची पारख काही विशेष कामाला आली नाही. जिथे फक्त ते बघत होते तिथे आता सगळेच बघायला लागले होते.

हे सगळं लिहायचं कारण हॉकीपुरतं नाही हे एव्हाना लक्षात आलंच असेल. आपल्याकडेही दहावीच्या निकालात, कॅम्पसच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये, नव्या फ्रेशरच्या पहिल्या अप्रेझलमध्ये हेच चालतं. अंदाज आपण करायचा, पोराला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते आपण ठरवायचं, आणि जमलं नाही की 'पोरात दम नव्हता' म्हणायचं.

राहिला विकेनहायझर. त्याचं पुढे काय झालं ते 'फसलेल्यांच्या' याद्यांत सहसा नसतं, म्हणून इथे लिहितो. १२ मे १९८६, सेंट लुईस. उपांत्य फेरीचा सहावा सामना, हरलं तर मोसम संपला. कॅल्गरीविरुद्ध तिसऱ्या सत्रात टीम ५-२ ने मागे. तिथून बरोबरी झाली आणि जादा वेळेत विजयी गोल मारला तो डग विकेनहायझरने. सेंट लुईसमध्ये तो सामना आजही 'मंडे नाइट मिरॅकल' म्हणून ओळखला जातो. जानेवारी १९९९ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो कॅन्सरने गेला. सेंट लुईसच्या क्लबने आपल्या समाजकार्याच्या निधीला त्याच्या जर्सीच्या नंबरावरून '१४ फंड' असं नाव दिलं.

आणि साव्हार? १९९० मध्ये मॉन्ट्रियलने त्याला शेवटी मिळवलंच, दहा वर्षं उशिरा, आणि त्या बदल्यात ख्रिस चेलिओस हा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला डिफेन्समन देऊन. १९९३ मध्ये मॉन्ट्रियलने कप जिंकला तेव्हा साव्हार त्या टीममध्ये होता. म्हणजे शहराला घरचा पोरगाही मिळाला आणि कपही.

असो. शनिवार संपत आला, निबंध नेहमीप्रमाणे लांबला. तुमच्या बघण्यातला एखादा 'दोनशे एकविसावा' असेल, क्रिकेटमधला, कबड्डीतला किंवा अगदी शेजारच्या क्युबिकलमधला, तर जरूर कळवा.